फळीवर मावेल एवढं

"...मग टीमनं बोलावं की गप्प बसावं, एवढंच सांगा वस्ताद."

विश्वजित इंगवले उभ्यानंच विचारत होते. हातात कागद होता. शर्यत सुरू व्हायला तास उरला होता.

इलाही वस्ताद पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या आमच्या डागडुजीच्या जागेच्या मागे, जुन्या टायरवर बसले होते. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. इंगवले परदेशातून इंजिनिअर होऊन आले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाना धरायला यांनीच शिकवलं. आज इंगवले रेसिंग टीमचे मालक आहेत, चार माणसांत वजन आहे, इंग्रजी तर असं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. वस्तादांसमोर मात्र ते अजून उभे राहतात.

"काय झालं ते सांग आधी," वस्ताद म्हणाले.

झालं ते आम्हा सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक होतं. काल सरावात जुजेनं सर्वांत वेगवान फेरी मारली आणि समोरच्या स्टँडमधून माकडाचे आवाज आले. 'ए आफ्रिका, परत जा!' असं तिथले लोक ओरडले. केळ्याची सालं फेकली.

जुजे सिद्दी आमचा ड्रायव्हर, हल्याळचा. कोल्हापुरातून गाडीनं चार तासांवरचा. सिद्दींचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले, पण हा पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मातीतला, मराठी आपल्याइतकंच समजणारा. त्याला परका समजून ओरडणाऱ्यांना वाटलं, ह्याला काय कळतंय! त्याला अक्षर न् अक्षर कळत होतं.

सकाळी तो इंगवल्यांना म्हणाला, "साहेब, शब्द दिलाय म्हणून आज चालवतो. उद्यापासून नको."

असा ड्रायव्हर दहा वर्षांत एखादा मिळतो. आणि ड्रायव्हरचं सोडा, पोरगा मनानं सोनं होता.

"स्पॉन्सर म्हणतात, शर्यतीत राजकारण नको," इंगवले म्हणाले. "मला वाटतं, बोलावं. मी पत्रक लिहिलंय. रात्रभर जागून."

"वाच."

इंगवल्यांनी वाचलं. दीड पान. इंग्रजीत.

वस्ताद शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "शिव्या कुठल्या भाषेत दिल्या?"

"मराठीत."

"मग ह्ये इंग्रजीत कुनाला सांगाय लागलाईस?"

इंगवले गडबडले. "त्याचा अर्थ असा आहे वस्ताद, की आमचा संघ सर्व प्रकारच्या वंशभेदाचा तीव्र निषेध करतो."

"सर्व प्रकारच्या?"

"हो."

"काल कुठला प्रकार झाला?"

इंगवल्यांनी कागदात शोधलं.

"काय वरडली मानसं? तूच सांग माझ्याम्होरं."

इंगवल्यांनी तोंड उघडलं. आफ्रिकेपर्यंत आले. पुढचा शब्द काही निघेना. कान लाल झाले.

"तुझ्या तोंडातनं निघना," वस्ताद म्हणाले. "त्येच्या कानात मातूर ग्येला की."

इंगवल्यांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली.

"जुजेनं वाचलं ह्ये?"

"त्याला कशाला... हे सगळ्यांसाठी आहे."

वस्ताद उठले. गुडघे धरून, सावकाश. भिंतीला पिटची फळी टेकवलेली होती. शर्यत चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचा आमचा मार्ग म्हणजे ती काळी फळी. गाडी समोरून जाताना कठड्यावरून बाहेर धरायची. कितवा नंबर, किती फेऱ्या उरल्या, एवढंच त्यावर असतं. वस्तादांनी तिच्यावरचे आकडे एक एक करून काढले आणि रिकामी फळी इंगवल्यांच्या हातात दिली.

"ह्यावर मावंल एवढं लिव."

"वस्ताद, ह्याच्यावर चार अक्षरं मावतात!"

"मग चारच लिव."

"आणि मराठी अक्षरं नाहीत आपल्याकडे. ठोकळे सगळे इंग्रजी."

वस्तादांनी टायरवर खुणा करायचा पिवळा खडू पुढे केला.

इंगवल्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं : निषेध.

"कुनाचा?" वस्तादांनी विचारलं. "दीडशेच्या वेगानं येनाऱ्या गड्याला दावनार हे? त्येनं काय क्येलंय?"

इंगवल्यांनी पुसलं. लिहिलं : धीर धर.

"त्यो धरूनच हाय. काल वरडनाऱ्यांम्होरं जायाचा धीर तुला न्हाई झाला."

पुन्हा पुसलं. फळी पिवळी झाली, बाही पिवळी झाली. पांढऱ्याशुभ्र शर्टावर स्पॉन्सरचं नाव होतं, त्यालाही खडू लागला. इंगवले उकिडवे बसले. मालक उकिडवा बसलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

मग त्यांनी लिहिलं :

आपला.

वस्तादांनी बघितलं आणि खडू परत मागून घेतला.

"मग पत्रक काढू नको?" इंगवल्यांनी हळूच विचारलं.

"काढ की! गप बस कोन म्हनतंय? पन ज्येच्यासाठी काढतोस, त्येला आदी दाव."

"ठीक आहे. फळी धरायला माणूस आहे, त्याला सांगतो."

"लिवलं कुनी?"

"मी."

"मग?"

इंगवल्यांनी समोर पाहिलं. कठड्याच्या पलीकडे ट्रॅक आणि ट्रॅकच्या पलीकडे तोच स्टँड. खचाखच भरलेला.

"स्पॉन्सर तिथंच वर बसलेत, वस्ताद."

"त्यास्नीबी वाचाय येतंय."

वस्ताद पुन्हा टायरवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

शर्यत सुरू झाली. पंधरा फेऱ्यांची. कालच्या प्रकारानंतर जागा ठरवायच्या फेरीत मन लागलं नव्हतं, म्हणून जुजे पाचव्या जागेवरून निघाला आणि पहिल्याच वळणावर दोघांच्या रेट्यात सापडून नववा झाला. स्टँडमध्ये हशा. पुन्हा तेच माकडाचे आवाज.

इंगवले कठड्यावर उभे राहिले आणि फळी बाहेर धरली.

पहिली फेरी. जुजेनं पाहिलं की नाही, कळलं नाही. स्टँडमधून पाण्याची बाटली आली आणि इंगवल्यांच्या खांद्यावर फुटली. ते हलले नाहीत. खरं सांगतो, ते टिकतील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

दुसरी फेरी. तिसरी.

चौथ्या फेरीला जुजेचा डावा हात स्टिअरिंगवरून क्षणभर उचलला गेला.

पाहिलं होतं!

मग इंगवल्यांनी जे केलं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गाडी पुढे गेल्यावर त्यांनी फळी वळवली आणि थेट स्टँडसमोर डोक्यावर धरली.

स्टँड वाचू लागला. आवाज थोडा खाली आला.

"कोन आपला?" एकानं खवचटपणे विचारलं.

इंगवले म्हणजे जन्मात कधी आवाज न चढवणारा माणूस. पण बेंबीच्या देठापासून ओरडला, "जुजे! हल्याळचा जुजे! आपला!"

लोक हसले. पण ते हसू वेगळं होतं. कोल्हापूरच्या माणसाला कुणाची तरी बाजू घेतल्याशिवाय शर्यत गोड लागत नाही. डाव्या कोपऱ्यातून, गॅरेजवाल्यांच्या घोळक्यातून, एक उत्तर आलं. "आपला!"

पुढच्या फेरीला दहा आवाज. त्याच्या पुढच्या फेरीला मोजायची सोय उरली नाही. माकडाचे आवाज काढणारे काही मुकाट झाले, काही उठून गेले, आणि त्यांतला एक तर, निर्लज्जपणे म्हणा किंवा शहाणपणानं म्हणा, सगळ्यांबरोबर ओरडू लागला.

गाडी समोर आली की इंगवले फळी जुजेला दाखवायचे. गेली की स्टँडला.

आठवा. सातवा. सहावा. अकराव्या फेरीला पाचवा. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर त्यानं आतून अशी गाडी घातली की आम्ही कठड्याकडे धावलो... आणि तो बाहेर निघाला तो पुढच्याला मागे टाकूनच!

सगळा स्टँड उभा राहिला. शिट्ट्या, फेटे, टोप्या हवेत. आमच्यातले दोघं-तिघं ढसाढसा रडत होते आणि कोणाला त्याची लाज नव्हती.

जुजे गाडीतून उतरला. हेल्मेट काढलं. स्टँडकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पिवळ्या झालेल्या मालकाकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "पुढची शर्यत कधी आहे?"

इंगवल्यांनी त्याला मिठी मारली आणि मग तसेच पिटच्या मागे धावत सुटले.

वस्ताद टायरवरच होते. डोळे मिटलेलेच.

"वस्ताद! ऐकलंत? सगळा स्टँड त्याच्या नावानं ओरडतोय! कालचीच माणसं!"

"ऐकतोय."

"आपण जिंकलो, वस्ताद!"

वस्तादांनी डोळे उघडले.

"कितवा आला?"

इंगवले एकदम थांबले. "चौथा," ते म्हणाले.

"चौथा?"

"हो... चौथा."

बाहेर आवाज अजून चालूच होता. वस्तादांनी तो मान तिरकी करून नीट ऐकला, नव्या इंजिनाचा ऐकतात तसा. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"चौथा आला, तरी वरडत्यात?... मग खरंच वरडत्यात."