दोरीचं टोक

“मला मागंच का उभं केलंत, सर?”

बर्गे सर रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीच्या डब्याची बुजलेली भोकं काडीनं मोकळी करत बसले होते.

“सर, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय की.” सरांनी डबा कानाशी धरून हलवला. “दमट झालीय. पडायची नाही नीट.”

हेमांगी शिंगटेनं डोळे मिटून घेतले आणि नाकातून मोठा श्वास सोडला. विमानतळावरून ती घरीसुद्धा गेली नव्हती. तिच्या सॅकला विमान कंपनीचा कागदी पट्टा अजून तसाच लोंबत होता. आणि इथं फक्की दमट झालीय म्हणे.

गावच्या हायस्कूलचं हेच मैदान. फौजेतून रग्बी शिकून परतलेल्या बर्गे सरांनी ती आठवीत असताना तिला इथंच सगळ्या मुलींच्या मागं नेऊन उभं केलं होतं. “इथं,” एवढंच म्हणाले होते. त्या एका शब्दावर ती भारताच्या संघापर्यंत पोचली. पाठीवर पंधरा नंबर. फुलबॅक. चौदा जणी पुढं आणि ही एकटी मागं. समोरच्यांनी चेंडू उंच मारला की तो आभाळातून हिच्याकडंच यायचा, आणि त्याच्या खालून समोरच्या मुली हिच्या अंगावर धावून यायच्या. चेंडू हातातून सुटला तर हिच्या मागं कुणी नाही. नुसतं गवत.

“सर, चहा सांगू का?” लांबून गुरव सर ओरडले. ते शाळेचे नवे पीटीचे शिक्षक. हातात दोरीचं टोक धरून ते मैदानाच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. “ताईंसाठी स्पेशल!”

“आधी दोरी धर!”

उद्या मैदानावर शाळांचे सामने होते आणि बाजूची रेघ अजून मारायची होती. दोरीचं एक टोक पलीकडच्या खुंटीला बांधलेलं. अलीकडच्या कोपऱ्यात मात्र खाली कातळ, खुंटी ठोकली तरी हलायची. त्यामुळं या टोकाला माणूसच बसवावा लागे.

सर दोरीवरून फक्की पाडत निघाले. दोन पावलं गेले आणि वळले.

“गुरव, आत घे.”

आणखी दोन पावलं. परत वळले.

“अरे ताण! पतंग उडवतोयस का?”

पुन्हा दोन पावलं.

“फोन ठेव खिशात!”

“ठेवला सर!” गुरव सर हेमांगीकडे बघून हसले. “ताई, सरांचं लक्ष असतं हो माझ्यावर. फार लक्ष असतं.”

‘नशीबवान आहात,’ असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती सरांच्या मागोमाग चालायला लागली.

“सर, मी सोडतेय.”

“काय?”

“संघ. भारताचा संघ.”

सर थांबले. वाकून त्यांनी दोरीखालचा एक खडा उचलला, बाजूला टाकला आणि पुढं चालू लागले.

“ऐकलंत का?”

“ऐकलं.”

“मग काहीतरी बोला ना!”

सरांनी डबा झटकला आणि पुढचं पाऊल टाकलं. हेमांगीच पुढं बोलत राहिली.

“शेवटच्या मॅचमध्ये माझ्या हातातून एक चेंडू सुटला. तुम्ही बघितलंच असेल.”

“बघितला. हायस्कूलच्या हॉलमध्ये सामना लावलेला. सगळं गाव होतं.”

हेमांगीचे कान तापले. सगळं गाव. म्हणजे गुरव सरही.

“एक चेंडू, सर. अख्ख्या स्पर्धेत एक. त्याआधी किती घेतले ते कुणाला आठवतंय? कुणाला आठवणार, बघितलेच नाहीत कुणी! सगळ्या जणी पुढं तोंड करून. मी उडी मारून चेंडू घेते, खाली दोघी माझ्या पायात घुसतात, मी आपटते, तरी चेंडू सोडत नाही. समोर काय दिसतं? चौदा पाठी. वर्षानुवर्षं मी पाठी बघतेय, सर. कुणाच्या वेणीची रबरबँड कुठल्या रंगाची ते सांगते हवं तर.”

“आणि सुटला तेव्हा?”

“तेव्हा वळल्या. चौदाच्या चौदा. तेव्हा बरोबर वळल्या. समोरचीनं चेंडू उचलला, आमच्या रेघेपलीकडं नेऊन टेकवला, ट्राय झाला, आम्ही हरलो. आणि या सगळ्या नुसत्या उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदा मला त्यांचे चेहरे दिसले… असले.”

सरांनी पुन्हा वळून गुरव सरांना दोरी आत घ्यायला सांगितली.

हेमांगीला वाटलं, यांच्या हातातला डबा घ्यावा आणि उपडा करावा.

“मॅनेजर मॅडमना मी सांगितलंय की संघ सोडायचा विचार आहे. त्या म्हणाल्या, ‘संध्याकाळी फोन करीन. नको असेल तर तेव्हा सांग, यादीतून नाव काढते. उचलला नाहीस तर तू येतेयस असं धरीन.’ मी उचलणार आहे, सर. पण त्याआधी मला तुमच्याकडून एकच ऐकायचंय. मी तेव्हा सगळ्यांत जोरात पळायचे. पुढं ठेवलं असतंत तर चार लोकांनी नाव घेतलं असतं. मला मागं का टाकलंत?”

“टाकलं?” सर म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात मागून गुरव सरांनी हाक मारली. चहा आला होता, आणि तो घ्यायला ते दोरी सोडून उठलेही होते. मारलेली रेघ बघून सरांनी कपाळावर हात मारला. सुरुवातीची रेघ ठीक होती, पुढं मात्र नागमोडी. त्यांनी खराटा घेतला आणि सगळी पुसून काढली. मग चहाचा कप तसाच बाकड्यावर ठेवून ते कोपऱ्यात आले. सैल पडलेलं टोक त्यांनी उचललं.

“धर.”

“मी?”

“रिकामीच आहेस ना?”

एवढ्या लांबून ती कशासाठी आली होती आणि काय करत होती! हेमांगी दात आवळून खाली बसली. दोरी कोपऱ्यातल्या खुणेवर घट्ट दाबून धरली. सर निघाले.

दोन पावलं. चार. दहा.

वळले नाहीत.

ती वाट बघत होती. आता म्हणतील ‘आत घे’. आता म्हणतील ‘ताण’. काही नाही. मळकट बनियनची पाठ सावकाश लांब जात होती आणि डबा टक टक वाजत होता. इथंही पाठच.

गुरव सरांकडे दर दोन पावलांनी बघत होते. तिच्याकडे एकदाही नाही.

बोटांवर दोरीचा वळ उठला. तिनं टोक सोडलं नाही. आणि मग तिच्या मनात एक अगदी पोरकट विचार आला. इतका पोरकट, की आठवीत असतानाही तिनं तसं केलं नसतं. तिनं दोरी खुणेवरून उचलली आणि हळूहळू, ताण सैल न होऊ देता, बाजूला सरकवायला सुरुवात केली.

बघू तर. आता तरी वळतात का.

वीतभर. हातभर.

सर दोरीकडे बघून चालत होते. दोरी सरकली तसे तेही सरकले. मान काही वळली नाही.

घाबरून तिनं दोरी परत खुणेवर आणली. तोवर व्हायचं ते झालं होतं. पांढरी रेघ मधेच पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती.

सर पलीकडच्या खुंटीपर्यंत पोचले. डबा खाली ठेवला. कमरेवर हात ठेवून ते वळले आणि त्यांनी आधी रेघेकडे बघितलं. मग हेमांगीकडे.

त्या नजरेबरोबर ती ताडकन उठली.

“बघितलंत! आता बघितलंत!” ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की बाकड्यावरच्या गुरव सरांचा चहा सांडला. “एवढा वेळ मी नीट धरून बसले, तेव्हा नाही बघितलंत. वाकडं झालं तेव्हा बरोबर वळलात. तुम्हीसुद्धा, सर! तुम्हीसुद्धा त्या चौदा जणींसारखेच!”

सर रेघेच्या कडेनं चालत परत आले. सावकाश. तिच्यापाशी येऊन थांबले.

“मुद्दाम केलं मी,” हेमांगी म्हणाली. आवाज आता अगदी खाली आला होता. “तुम्ही बघावं म्हणून.”

“हं.”

“रागवा तरी.”

सरांनी खराटा उचलला आणि पोट सुटलेली रेघ पुसायला घेतली. तिनं दुसरा खराटा घेतला. दोघं वाकून गुपचूप पुसत राहिले. लाल मुरूम पुन्हा लाल झाला. गुरव सर लगबगीनं आले.

“सर, मी धरतो आता. ताईंना कशाला त्रास? पाहुण्या आहेत. उन्हं पण उतरली, अंधार पडायच्या आत उरकायला पाहिजे.”

सरांनी खालचं टोक उचललं. गुरव सरांनी हात पुढं केला होता. त्या हाताला वळसा घालून त्यांनी टोक हेमांगीच्या हातात दिलं.

“मघाशी मी काय केलं ते बघितलंत ना?” ती म्हणाली.

“बघितलं.”

“तरी?”

“धर. घट्ट.”

ती बसली. खूण शोधली. या वेळी दोन्ही हातांनी दोरी दाबली आणि वरून गुडघाही टेकवला. सरांनी डब्यात नवी, कोरडी फक्की भरली आणि तिच्याकडे पाठ करून ते चालायला लागले.

शेजारी ठेवलेल्या सॅकच्या जाळीच्या कप्प्यात फोन वाजला.

“ताई, तुमचा फोन,” गुरव सर म्हणाले. “काढून देऊ? मॅनेजर मॅडम असं दिसतंय वर.”

हेमांगी सरांच्या पाठीकडे बघत होती. फोन वाजत राहिला.

“ताई?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “हात मोकळे नाहीत.”

वाजून वाजून फोन थांबला. डबा टक टक करत लांब चालला होता. रेघ सरळ पडत होती.

“सर!” तिनं हाक मारली. “आता तरी सांगा ना! मला मागं का ठेवलंत?”

बर्गे सर थांबले नाहीत. वळलेही नाहीत.

“गुरव दोरी धरतो ना,” पुढं बघतच ते म्हणाले, “त्या दिवशी मागं वळून वळून मान फार दुखते माझी.”