चित्रं अडवणारा पहारेकरी

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा, शब्दही साधेच आहेत.

लग्नं कॅसेटवर साठवायचे, त्या काळची गोष्ट. रखमाकाकूंनी त्यांच्या लग्नाची एकुलती एक कॅसेट मला कॉम्प्युटरवर उतरवायला दिली. काका वारले होते. वरातीत ते नाचले, तेवढंच त्यांचं हलतं रूप उरलं होतं.

कॅसेट जुन्या कॅमेऱ्यात घालून तो कॉम्प्युटरला जोडला, तसा तो सेकंदाला पंचवीस चित्रं आत धाडू लागला. पण दारात अँटिव्हायरस नावाचा पहारेकरी बसला होता.

"थांब! मुलाकडचा की मुलीकडचा?" तो प्रत्येक चित्राला विचारी.

"साहेब, मागे रांग लागलीय."

"शिस्त म्हणजे शिस्त."

हार्डडिस्क ओरडली, "अहो, सोडा की! मी कधीची लिहायला बसलेय!"

"बाई, तुमच्याच भल्यासाठी करतोय."

रांगेतली चित्रं ताटकळून गळून पडली. काकांनी उचललेला पाय वरात संपल्यावरच खाली आला. मी शहाण्यासारखी वायर बदलली, कॉम्प्युटरला लिंबू-मिरचीही बांधली.

संध्याकाळी पहारेकरी मिशीला पीळ देत म्हणाला, "एकही चोर आत शिरला नाही!"

खरंच होतं. काकाही शिरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोरांची वाटच बंद व्हावी म्हणून मी इंटरनेटची वायर काढली, पहारेकऱ्याला तासाभराची सुट्टी दिली आणि कॅसेट पुन्हा लावली. काका सबंध नाचले.