न वाजलेली शिट्टी

“...मग फायनल मले कायले नाही, सर?”

रोशन येरणे अंगणात उभ्या उभ्याच विचारत होता. राज्य स्पर्धेची फायनल परवावर आली होती, आणि पंचांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

यादी गभणे सरांनी केली होती. ते ओसरीवर बसून बास्केटच्या फाटलेल्या जाळीला गाठी मारत होते. चाळीस वर्षं त्यांनी बास्केटबॉलचे सामने चालवले. आता गुडघे गेले, पण नागपुरात कोणत्या सामन्याला कोण पंच, हे अजून तेच ठरवत. रोशनला शिट्टी वाजवायला त्यांनीच शिकवलं होतं.

“बस,” सर म्हणाले.

रोशन बसला. पण गप्प बसणं काही त्याच्या रक्तात नव्हतं.

“लोक काय बोंबलतात, तुम्हाले माहीत आहे ना सर? पंच मोठ्या खेळाडूले सांभाळून घेतात म्हणे. नाव मोठं असलं की शिट्टी घशातच अडकते म्हणे.”

“बरोबर बोलतात.”

“बरोबर?”

“मी स्वतः सांभाळलं.”

रोशन चपापला. सरांनी जाळीची एक गाठ ओढून पाहिली.

“नावाजलेल्या खेळाडूचा धक्का दिसला की मले वाटे, याचा तोल गेला असन. नवख्याचा दिसला की वाटे, यानं मुद्दाम मारलं. धक्का तोच... दहा वर्षं गेली हे समजायले.”

गुरूची अशी कबुली ऐकून माणसानं जरा नरमावं. रोशन उलट फुगला.

“तेच तर सांगून राहिलो मी! काल सेमीफायनलले तन्वी मोहरील होती. अख्खं मैदान तिच्यासाठी भरलं होतं. मी पाच फाउल दिले तिले. पाच! नियमानं बाहेर बसवली. लोकांनी बाटल्या फेकल्या माझ्या अंगावर. मी भ्यालो नाही.”

“पाचही खरे?”

“आईशपथ.”

“दाखव.”

“काय दाखवू?”

“काल जसे दिले तसे.”

रोशन अंगणाच्या मधोमध गेला. खुणा करण्यात तो पटाईत होता, हे कबूल करायलाच हवं. मूठ वर गेली, म्हणजे खेळ थांबला. मग बोटं उघडली: सात, तन्वीचा नंबर. मग दोन्ही हातांनी ढकलल्याची खूण. पुन्हा मूठ, पुन्हा सात. कोणत्या मिनिटाला, कोणत्या कोपऱ्यात, तिचा डावा हात की उजवं कोपर, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

पाच झाले. एकातही खोट निघाली नाही.

“खरे आहेत,” सर म्हणाले.

रोशनचा चेहरा खुलला.

“आता सहावा दाखव.”

“सहावा कसा असन, सर? पाचव्यालेच बाहेर जाते ती.”

“तिचा नाही. मीबी होतो काल सामन्याले. तिसऱ्या क्वार्टरमधी बास्केटखाली एक पोरगी पडली. मागून ढकललं तिले. मनगट मोडलं... तो फाउल दाखव.”

रोशनची मूठ सवयीनं वर गेली.

आणि वरच राहिली.

“कोणी ढकललं?”

“दिसलं नाही, सर.”

“बास्केटखाली नजर ठेवायचं काम कोणत्या पंचाकडं होतं?”

“माझ्याकडंच.”

“मंग तू कुठं पाहून राहिला होता?”

“बॉल पलीकडं होता, तन्वीजवळ. मी तिच्यावर नजर ठेवून होतो, सर... ती सुटू नये म्हणून.”

“बरं. पडली ती किती नंबरची?”

बोटं काही उघडली नाहीत. रोशननं आठवून पाहिलं. निळा शर्ट होता. की पांढरा? मुलगी मनगट पोटाशी धरून ओरडत होती आणि तिचे वडील कठड्यावरून उडी मारून धावत आले होते. त्यांना आपण ‘लवकर उचला, खेळ खोळंबलाय’ म्हणालो, एवढंच त्याला लख्ख आठवलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

हात हळूहळू खाली आला.



“पण सर... तन्वीले तर मी सांभाळलं नाही ना?” आवाज अगदी बारीक झाला होता.

“नाही. तिच्याशिवाय तू काही पाहिलंच नाही.”

रोशन पायरीवर टेकला. डोळे बाहीनं पुसले. मग उठला.

“फायनल दुसऱ्यालेच राहू द्या, सर. मी दवाखान्यात जाऊन येतो. माफी मागतो तिची... नंबर विचारून घेतो.”

सरांनी मान वर केली.

“नंबर कायले विचारतो, रोशन? नाव विचार.”