कारभाऱ्यांचे उपास

कोळवडी संस्थानात दुष्काळ पडला, तेव्हा राजेसाहेबांनी गरिबांसाठी धान्याचं कोठार उघडलं. वाटप कारभारी त्र्यंबकपंतांकडे होतं. ते आधी जात विचारत. वरच्या जातीच्या गरिबाला शेरभर ज्वारी, बाकीच्यांना अर्धा शेर.

सोनूबाई वडारणीला चार पोरं होती. अर्ध्या शेरात त्यांची पोटं भरत नसत. राजेसाहेब पाहणीला आले, तशी ती धीर करून पुढे झाली.

"सरकार, आम्हाला निम्मं का?"

पंत हसले. "अगं, तुमच्या जातीला उपासाची सवय असते. तुमचं थोडक्यात भागतं."

"खरं आहे, कारभारी," सोनूबाई म्हणाली. "पण सरकार, पंतांच्या एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार, शनिवार, वर नवरात्र. एवढी सवय आमच्या अख्ख्या वस्तीला नाही. मग वाड्यातून त्यांना रोज जाणारा शिधा पावशेरच हवा."

राजेसाहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर बोलतेय. आजपासूनच करू."

पंतांचा हात आपोआप पोटावर गेला. "सरकार," ते पुटपुटले, "जातीवरून भूक नीट मोजता येत नाही, असं मलाही आताच वाटू लागलंय."

सोनूबाईनं पदर पसरला आणि पंतांनी शेराचं माप काठोकाठ भरलं.