तिसरा हात

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध आचार्य पाठशाळा चालवीत. त्यांच्याकडे पुष्कळ शिष्य शिकून गेले, पण श्रीरंगासारखा शिष्य त्यांना दुसरा लाभला नाही, असे सारा मुलूख म्हणे. श्रीरंगालाही ते ठाऊक होते. न्यायशास्त्रात त्याची गती अशी, की वादात त्याच्यासमोर उभे राहायला भलेभले कचरत. ती ऐट त्याच्या चालण्यातसुद्धा उतरली होती, आणि खरे सांगायचे तर ती त्याला शोभतही होती.

त्याचे अध्ययन पूर्ण होत आले तेव्हा आचार्यांनी एक तंटा त्याच्याकडे सोपवला.

शेजारच्या गावी भैरवनाथाचा रथ होता. यात्रेच्या दिवशी त्याच्या दोराला पहिला हात कुणी लावायचा, यावरून दोन घराण्यांत वाद पेटला होता. वरच्या आळीचे हैबतराव म्हणत, मान आमचा. खालच्या आळीचे सटवोजी म्हणत, मान आमचा. दोघेही वयस्क, दोघेही मनाने चांगले, पण या एका बाबतीत कुणी तसूभर मागे सरेना. एकमेकांशी बोलणे केव्हाच बंद पडले होते. रथ मंडपात उभ्याउभ्या धूळ खात होता आणि रथ चालताना न पाहिलेली एक अख्खी पिढी गावात वाढली होती.

श्रीरंगाने जीव ओतून काम केले. देवळाच्या पायरीवरचा जुना लेख वाचला, गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या साक्षी काढल्या, रूढी तपासल्या. अखेर त्याची खात्री पटली, की मान हैबतरावांच्या घराण्याचाच. आपला निर्णय त्याने असा घडवला, की त्यातला एक शब्दही कुणाला हलवता येऊ नये.

यात्रेच्या दिवशी देवळापुढचे पटांगण माणसांनी फुलून गेले. गुरू-शिष्य आले. श्रीरंग देवळाच्या पायरीवर बोलायला उभा राहिला. एवढ्यात आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"श्रीरंगा, निर्णय राहू दे. लहानपणी खेळाआधी तुम्ही मुले चकत होतात ना?"

श्रीरंगाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. चकणे हा तर पोरांचा उद्योग. तिघांनी एकदम हात पुढे टाकायचे, कुणी उताणा, कुणी पालथा. दोघांचे सारखे पडले आणि एकाचा वेगळा, की तो वेगळा सुटला. त्याला ना फासा लागतो, ना कवडी.

"चकत होतो, गुरुजी," तो हळूच म्हणाला.

"मग या दोघांत उभा राहा. दोघांना चकता येत नाही, तिसरा हात लागतो. तुझा वेगळा पडला तर डाव पुन्हा."

गर्दीत कुजबुज झाली. श्रीरंगाच्या कानशिलांवर रक्त चढले. इतक्या वर्षांची विद्या, इतक्या दिवसांची मेहनत, आणि साऱ्या पंचक्रोशीसमोर हा पोरखेळ? त्याने गुरूंच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे थट्टा नव्हती. मग उपरणे खांद्यावर सावरून तो खाली उतरला आणि दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

हैबतरावांनी आचार्यांना विचारले, "सुटेल त्याचा मान, का उरेल त्याचा?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," आचार्य म्हणाले.

दोघेही जमिनीकडे पाहत राहिले. शेवटी सटवोजी मान वर न करताच म्हणाले, "सुटेल त्याचा."

"चालेल," हैबतराव म्हणाले.

एवढेच बोलणे झाले. पण कित्येक वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते.

हात पडले. तिन्ही पालथे. पुन्हा पडले. दोघा म्हाताऱ्यांचे पालथे, श्रीरंगाचा उताणा. डाव पुन्हा. परत तेच. गर्दीतून कुणीतरी हसले.

"तू लहानपणापासून पालथाच टाकतोस," सटवोजी पुटपुटले.

"आणि तू माझं बघून टाकतोस," हैबतराव म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

पुढच्या वेळी सटवोजींचा हात उताणा पडला. हैबतरावांचा पालथा आणि श्रीरंगाचाही पालथा. सटवोजी सुटले.

सटवोजी ताठ मानेने रथाकडे गेले, दोराला हात लावून कपाळाला नेला आणि मागे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा चकू."

हैबतराव थोडा वेळ जागचे हलले नाहीत. मग गेले आणि सटवोजींच्या मागोमाग त्यांनी दोर धरला. "नीट ओढ," ते म्हणाले, "नाहीतर मला पुढं यावं लागेल."

चाके करकरली आणि रथ हलला. दोन्ही आळ्यांची माणसे दोराला भिडली. म्हातारी माणसे छाती पुढे काढून लेकरांना दाखवू लागली, की बघा, हा आपला रथ.

श्रीरंग मात्र गुरूंजवळ परत आला. "गुरुजी, मान हैबतरावांचा होता. माझ्याकडे पुरावा आहे. मग हा अन्याय नाही झाला?"

आचार्य म्हणाले, "तुझा पुरावा खरा आहे. जुना मान कुणाचा होता, ते तू शोधलंस. पण यंदा हा रथ कसा हलेल, हा प्रश्न वेगळा होता. तू वरून निर्णय दिला असतास, तर एक घर जिंकलं असतं, दुसरं दोर सोडून निघून गेलं असतं. आणि जिंकलेल्या घराला एकट्याने रथ ओढता येत नाही. मुलं चकतात तेव्हा शेवटी दोघे उरतात. जो आधीच सुटलेला असतो, त्याला खेळायला पळता येतं. तरी तो परत येतो, आपला हात त्यांच्यात टाकतो, कारण त्याच्यावाचून ते दोघे सुटत नाहीत. त्या हाताला जिंकायचं नसतं, हरायचंही नसतं. विद्येनं तू सुटलास, श्रीरंगा. तुझ्या बुद्धीचा अभिमान मला कधीपासूनच होता. आज तू पायरी उतरून खाली गेलास, तेव्हा मात्र ऊर भरून आला."

रथ देवळाच्या वळणावर पोचला होता. दोराचे शेवटचे टोक अजून मोकळे होते. श्रीरंग गेला आणि ते त्याने धरले.

दोघांत अडलेले पुष्कळदा न्यायाधीशाची वाट पाहत नसते. त्याला हवा असतो तिसऱ्याचा एक निःस्वार्थी हात.