काकवीच्या रंगाचा घुमट

सोनजांबच्या मशिदीला दरसाल सफेदी होते. घुमट मात्र काकवीसारखा तपकिरी. पाहुणे विचारतात, "रंग द्यायचा राहिला का?" मग इब्राहिमचाचा मुलाणी त्यांना पायरीवर बसवून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी भूकंपात मूळ घुमट कोसळला, असे सांगतात. तो दस्तगीर गवंड्याच्या आजोबांच्या हातचा. दस्तगीरने तो दोनदा उभारला, दोन्ही वेळा तडकून पडला. तिसऱ्या वर्षी जमातीने बजावले, "आता पडला तर गवती छप्पर घालू, दगड विहिरीला देऊ."

दस्तगीरने बैल जुंपून दगडी घाणीत चुना मळला. गुळाच्या पाण्याशिवाय चुना धरत नाही, म्हणून सहा ढेपा ओसरीत झाकून ठेवल्या आणि तो खाणीवर गेला. त्याच दिवशी आसपासच्या गावांतून मदतीला माणसे आली. त्याची बायको जैनबी हिला वाटले, गूळ त्यांच्या जेवणासाठीच आहे. तिने चपात्या कुस्करून सगळ्याचा मलिदा केला. गावही पंगतीला बसले.

"गूळ कुठाय?" दस्तगीरने येताच विचारले.

"फक्कड होता!" रामोजी गुऱ्हाळवाला पोटावर हात फिरवत म्हणाला.

"अरे, तो चुन्यासाठी होता!" दस्तगीर ओरडला. उसाचा हंगाम सरलेला आणि मळलेला चुना थांबणार नव्हता. खजील झालेल्या रामोजीने घरची काकवीची सगळी मडकी गाडीत घालून आणली. नुसत्या काकवीवर कोणी घुमट बांधल्याचे ऐकिवात नव्हते. तरी तीच चुन्यात ओतली आणि चुना तपकिरी झाला.

घुमटाखालचा शेवटचा लाकडी टेकू काढायच्या दिवशी दस्तगीर एकटाच आत गेला. "पडला तर माझ्यावर पडू दे."

मागोमाग जैनबी शिरली. "मलिदा मी केला. सरका जरा."

"बाहेर हो आधी!"

"नाही होत."

तेवढ्यात रामोजी पागोटे सावरत आला. "अन् खाल्ला कुणी? तीन वाडगे चेपलेत मी."

मग खाणारे सगळेच आत शिरले. घाव घालायला हात उचलण्यापुरतीही जागा उरली नाही म्हणे. दस्तगीरने बिस्मिल्ला म्हणून कसाबसा घाव घातला. टेकू निसटला. चिमूटभर चुना जैनबीच्या पदरावर पडला. घुमट जागच्या जागी.

"वहिनी, पुन्हा मलिदा कधी?" रामोजीने विचारले. नव्या घुमटात पहिला घुमला तो हशा.

आजही मशिदीत काही दुरुस्ती झाली, की शेवटचा टेकू निघताना गावातले कोणी बाहेर थांबत नाही. गेल्या वर्षी कमानीचे काम झाले, तेव्हा नव्वदीच्या गोदूआत्यांना खुर्चीसकट आत आणावे लागले. टेकल्या टेकल्या त्यांनी गवंड्याला फर्मावले, "हं, हाण आता!"