मऊ झालेला दादा

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं ओढ्यातल्या एका म्हाताऱ्या खेकड्याने मला बजावलं होतं. तरी सांगते.

माझ्या जन्माच्याही आधी त्या ओढ्याकाठच्या बिळात तो आणि त्याची धाकटी बहीण टिकली राहत. जरा खुट्ट झालं की टिकली त्याच्या पाठीमागे लपायची. "भित्री भागूबाई!" नांग्या आपटत दादा हसायचा.

एका सकाळी दादाची पाठ उकलली. जुन्या कवचातून तो लोण्यासारखा मऊ होऊन बाहेर आला, आणि रिकामं कवच हुबेहूब दादासारखं उभं राहिलं.

"ही कसली जादू?"

"मोठं होताना होतं असं," दादा पुटपुटला. "दोन दिवस माझ्यात जोर नाही, टिकले."

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी बगळा वाकला. टिकली दादाकडे वळली, पण आज लपायला पाठ नव्हती. तिने दादाचं कवच पुढे ढकललं आणि त्याच्याशेजारी आपल्या इवल्या नांग्या उगारल्या. "आम्ही दोघं आहोत!"

"एकटी असतीस तर पाहिलं असतं," म्हणत बगळा उडाला.

"घाबरली नाहीस?" दादाने विचारलं.

"खूप घाबरले. पण तू मऊ होतास ना."

दादा तिच्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू, टिकले? मीसुद्धा रोज इतका घाब—" थांब हं, माझी आई हाक मारतेय. आले गं आई, आले!